पर्समधल्या चाकूला किती पाती हवीत?

पत्र : माझं वय ३४. राहते डोंबिवलीला, नोकरी परळच्या एका लॅबमध्ये. महिन्यातून एखादा रविवार आमचा ग्रुप गडावर जातो. गेल्या दिवाळीत मी 'तीस कामांचा एक चाकू' असा ऑनलाइन बघून चारशे रुपयांना मागवला. राजमाचीच्या वाटेवर मैत्रिणीच्या पायात काटा गेला, तेव्हा त्यातला चिमटा वाकला आणि कात्री बँडेजची पट्टी कापेना, नुसती चावत राहिली. एरवी तर तो कपाटातच असतो, कारण फार जड आहे. आता एकच, पण नीट घ्यायचा आहे, तीन हजारांपर्यंत. ब्रिटनमध्ये लेस्टरला राहणारा भाऊ म्हणतो, 'पक्कडवाला घे, मी येताना आणतो.' सासूबाई म्हणतात, 'पर्समध्ये चाकू कशाला? पोलिसांनी पकडलं तर?' आणि आई म्हणते, 'रात्रीच्या लोकलला जवळ असलेला बरा.' मी कुणाचं ऐकू? — एक वाचक, डोंबिवली

उत्तर : प्रिय वाचक,

'एरवी तर तो कपाटातच असतो' हे तुमचं वाक्य मी दोनदा वाचलं. वाकलेला चिमटा आणि चावणारी कात्री हा पोलादाचा दोष. पण तो चाकू उत्तम पोलादाचा असता तरी कपाटातच राहिला असता, कारण तुमच्या पर्सला तो झेपत नव्हता. वेळेला जवळ नाही त्याला किती पाती आहेत हे मोजून काय करायचं? म्हणून या वेळी आधी वजन बघा, मग पाती.

त्याच्याही आधी पंधरा दिवस थांबा. कात्री, सुरी, स्क्रू ड्रायव्हर, चिमटा यांतलं काही हवं होतं आणि हाताशी नव्हतं, किंवा दात, नख, किल्ली वापरून वेळ निभावली, असं प्रत्येक वेळी फोनमध्ये एक ओळ लिहून ठेवा. मी एकदा हे डायरीच्या शेवटच्या पानावर केलं होतं. कुरिअरच्या खोक्याची चिकटपट्टी, कुर्त्याचा सुटलेला दोरा, नव्या टॉवेलचं लेबल, औषधाच्या बाटलीचं सील, नातवाच्या खेळण्यातल्या सेलचं झाकण, बोटात शिरलेली झाडूची काडी, ट्रेनमध्ये पेरू. पान भरल्यावर बघते तर निम्म्याहून जास्त ठिकाणी कात्री हवी होती. करवत एकदाही लागली नव्हती. पातं लागलं, पण बोटाच्या दोन पेरांपेक्षा मोठं कधीच नाही.

या चाकूंचा जन्मही अशाच गरजेच्या यादीतून झाला आहे. स्वित्झर्लंडच्या सैन्याने १८८९ सालची नवी रायफल घेतली, ती खोलायला स्क्रू ड्रायव्हर लागे. शिपायाला शिध्याचा डबाही उघडावा लागे. म्हणून पातं, डबा उघडायचं हत्यार, स्क्रू ड्रायव्हर आणि भोक पाडायची आरी एवढं एका मुठीत बसवलेला शिपायाचा चाकू ठरला. इबाख गावच्या कार्ल एल्सेनर यांनी १८८४ साली आपला कारखाना काढला होता. त्यांनी १८९१ मध्ये असे चाकू सैन्याला पुरवले. मग १८९७ मध्ये त्यांनी हलका 'अधिकाऱ्यांचा चाकू' नोंदवला, त्यात एक लहान पातं आणि बाटलीचं बूच काढायचा पिळाचा काटा वाढवला. एल्सेनर यांची खरी करामत पाठीच्या स्प्रिंगमध्ये होती. एकाच स्प्रिंगवर दोन्ही अंगांची हत्यारं पेलली, म्हणून हत्यारं वाढूनही चाकू जाड झाला नाही. आज आपण ज्याला व्हिक्टोरिनॉक्स म्हणतो तो हाच कारखाना. नावातलं व्हिक्टोरिया हे एल्सेनर यांच्या आईचं नाव, आणि 'इनॉक्स' म्हणजे न गंजणारं पोलाद. तुमच्या तीस कामांच्या चाकूमागे अशी कुणाची गरज नव्हती, जाहिरातीत छापायला आकडा हवा होता.

तुमच्यासाठी माझी निवड सांगते. व्हिक्टोरिनॉक्सचा ५८ मिमीचा 'क्लासिक एसडी' घ्या. मिटलेला असताना तो करंगळीएवढा असतो. वजन २० ग्रॅमच्या आसपास, म्हणजे दहा रुपयांच्या तीन नाण्यांहूनही थोडं कमी. त्यात एक छोटं पातं, कात्री, टोकाला स्क्रू ड्रायव्हर असलेली नखांची कानस, चिमटा आणि दातकोरणं, एवढंच. सेलच्या झाकणाचे बारीक स्क्रू त्या कानशीच्या टोकाने निघतात, फुलीचे असले तरी. तीन हजारांत तो बसतो आणि पैसे उरतात. मी गेली चौदा वर्षं हाच वापरते आहे. माझ्या ओळखीतल्या ज्यांनी मोठा घेतला, त्यांतले बरेच जण आज किल्ल्यांना हाच लावून फिरतात.

मग गडाचं काय, असं तुम्ही विचाराल. गडावर काटा, बँडेज, दोरी आणि पाकिटं यांना हा पुरतो. काकडी, कांदा, लिंबू चिरायला तो तोकडा पडतो, हे खरं. पण त्यासाठी घरातली झाकणवाली छोटी सुरी डब्यात टाका. गडावर जाताना पाठीवर सॅक असतेच, तिथे ती पर्सइतकी अडचण करत नाही. करवतवाल्या मॉडेलच्या मोहात पडू नका. सह्याद्रीत आपण ज्या वाटांनी जातो त्यांतल्या कितीतरी राखीव वनातून जातात, तिथे फांदीला हात लावायचा नसतो. डबा उघडायचं हत्यारही आपल्या शिदोरीला लागत नाही.

पुढेमागे मोठा घ्यावासा वाटलाच तर ९१ मिमीच्या घरातला घ्या आणि त्यात कात्री आहे ना ते आधी बघा. 'स्पार्टन' सगळीकडे दिसतो पण त्यात कात्री नाही. 'क्लाइंबर'मध्ये आहे. 'टिंकर'मध्ये पिळाच्या काट्याच्या जागी फुलीचा स्क्रू ड्रायव्हर येतो, घरात दुरुस्ती करणाऱ्याला तो बरा. बाकी पिळाचा काटा आपल्याला निरुपयोगी असं मात्र समजू नका. भिजून घट्ट बसलेली निरगाठ सोडवायला त्याच्यासारखं हत्यार नाही. सॅकची दोरी असो की सलवारची नाडी, गाठीच्या पोटात टोक घालून हळूच फिरवलं की गाठ सैल होते, दोरी कापावी लागत नाही. एका पावसाळ्यात हरिश्चंद्रगडाच्या गुहेत आमच्या ताडपत्रीच्या सगळ्या गाठी मी अशाच सोडवल्या होत्या.

आता तुमच्या भावाचा पक्कडवाला. भावाचं म्हणणं वेडगळ नाही. टिम लेदरमन नावाचे अमेरिकन गृहस्थ १९७५ साली एक जुनी फियाट घेऊन युरोपभर फिरले. गाडी बंद पडायची, हॉटेलातले नळ गळायचे, आणि खिशातल्या चाकूला पक्कड नव्हती. त्या चिडीतून त्यांनी पक्कडीभोवती सगळी हत्यारं बांधायचं ठरवलं, आणि १९८३ मध्ये ओरेगनमधल्या पोर्टलंडला त्यांची कंपनी उभी राहिली. ज्याचं काम तारा, नट, सायकलची चेन यांच्याशी आहे, त्याने तो जरूर घ्यावा. पण त्यांचं 'वेव्ह' हे नावाजलेलं मॉडेल जवळजवळ पाव किलोचं आहे. तुमच्या पर्समध्ये त्याची गत जुन्या चाकूसारखीच होईल, फरक इतकाच की या वेळी कपाटात महागडा चाकू पडून राहील.

भावाला आणखी एक निरोप द्या. ब्रिटनमध्ये कारण नसताना खिशात बाळगायला चालतो तो फक्त मिटणारा, पातं अडकून न बसणारा आणि ३ इंचांपर्यंत धारेचा चाकू. पातं उघडल्यावर लॉक होत असेल तर तो या सवलतीत येत नाही, आणि पक्कडवाल्या मोठ्या हत्यारांची पाती बहुधा लॉक होतात. त्याने स्वतःसाठी किंवा कुणासाठी असं काही घेतलंच, तर ते पॅकबंद ठेवावं, खिशात घालून गावभर फिरू नये, आणि विमानात चेक-इनच्या बॅगेत टाकावं.

सासूबाईंच्या शंकेला नीट उत्तर द्यायला हवं, ती हसून सोडून देण्यासारखी नाही. त्यांच्या पिढीला चाकू म्हटलं की खटक्याचा रामपुरी आठवतो. कायदा बघा. २०१६ च्या शस्त्र नियमांत पात्याच्या हत्यारांसाठी ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद असं माप आहे, आणि घरगुती, शेतीच्या वा उद्योगाच्या कामासाठी बनवलेली हत्यारं त्यातून वगळली आहेत. दिल्लीत बटणाच्या, स्प्रिंगच्या चाकूंवर वेगळी अधिसूचना आहे. तिथलं माप ७.६२ सेंमी लांब आणि १.७२ सेंमी रुंद असं आहे. तुमचं पातं चार सेंमीसुद्धा नाही आणि नखाने उघडावं लागतं. पण आपल्याकडे महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम ३७ आहे. सण, निवडणूक, तणाव अशा काळात पोलीस आयुक्त किंवा जिल्हाधिकारी त्याखाली ठरावीक दिवसांसाठी मनाई आदेश काढतात, आणि बाळगायला बंदी घालता येणाऱ्या वस्तूंच्या यादीत चाकू हा शब्द स्पष्ट आहे. असे आदेश वर्तमानपत्रात येतात. त्या दिवसांत चाकू घरी ठेवा. कोर्ट, मंत्रालय, मेट्रो, मॉल इथे बॅग तपासतात. तपासणीच्या आधी आपणच 'किल्लीला छोटा चाकू आहे' असं सांगावं. ठेवून जा म्हणाले तर वाद घालू नये.

विमानाचं मात्र पक्कं लक्षात ठेवा, कारण तिथे मी पोळले आहे. केबिनच्या बॅगेत चाकू चालत नाही, कितीही छोटा असला तरी. आईला बरं नाही म्हणून फोन आला, मी घाईत निघाले आणि किल्ल्यांना चाकू तसाच. तपासणीच्या टेबलावर तो एका प्लास्टिकच्या ट्रेमध्ये पडला, तिथे आधीच कात्र्या, नेलकटर आणि असलेच तीन-चार चाकू होते. माझ्या नवऱ्याने पहिल्या पगारातून घेऊन दिलेला होता तो. त्यानंतर मी चाकू किल्ल्यांच्या कडीत कायमचा ओवत नाही. मध्ये एक छोटा हूक ठेवते, बोटाने दाबला की सुटतो. प्रवासाच्या आदल्या रात्री फोनचा चार्जर भरताना चाकू सोडवून मोठ्या बॅगेत जातो, मोठी बॅग नसेल तर देवघराच्या खणात. तुम्ही वरचेवर विमानाने जात असाल तर 'जेटसेटर' नावाचं पातं नसलेलं मॉडेलही आहे, पण कात्रीवरूनही अडवू शकतात, म्हणून त्याच्या भरवशावर राहू नका.

आता आईचं. तुमच्या आईची काळजी मला कळते, माझीही मुलगी रात्री साडेअकराच्या गाडीने येत असे. तरीही सांगते, स्वसंरक्षणासाठी म्हणून हा चाकू घेऊ नका, आणि तसा विचारही मनात ठेवू नका. या चाकूचं पातं लॉक होत नाही. समोर टोचायला गेलात तर ते उलटं मिटून तुमच्याच बोटांवर येईल. घाबरलेल्या हाताला तो उघडायलाही जमत नाही, नखाची खाच सापडत नाही. समोरच्याने तो हिसकावला तर आधी नव्हतं ते हत्यार त्याच्या हातात आपण दिलेलं असतं. शिवाय 'पेरू कापायला' आणि 'कुणाला मारायला' यात कायद्यापुढे फार मोठा फरक आहे. पर्सच्या पट्ट्याला एक मोठ्या आवाजाची शिट्टी लावा, पर्सच्या आत नको, बाहेर. रेल्वेचा १३९ आणि आपत्कालीन ११२ हे दोन्ही नंबर फोनमध्ये असू द्या. शेवटच्या गाड्यांना महिलांच्या ज्या डब्यात पोलीस बसतात त्यातच चढा. आईला हे सगळं सांगा, तिला नुसतं 'काही होत नाही' म्हणू नका.

खरेदीला शक्यतो दुकानात जा, हातात घेऊन बघता येईल अशा. माझे आजोबा रत्नागिरीकडचे. त्यांच्या चंचीत पितळी अडकित्ता असायचा, त्यानेच सुपारी, सुतळी, विडीचं बंडल, सगळं कापायचे. बाजारात नवा घेताना ते सुपारी बाजूलाच ठेवत, आधी अडकित्ता रिकामाच दहा वेळा उघडमीट करून सांध्याचा आवाज ऐकत. चाकूचंही तसंच करा. नखाने पातं उघडा. ते एकसारख्या जोराने यायला हवं, मध्येच अडखळणारं नको, आणि शेवटी 'टक्' असा आवाज होऊन जागेवर बसायला हवं. मग ते दोन बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. खिळ्यापाशी लुळेपणा जाणवला तर तो नग परत द्या. मिटलेला चाकू उजेडाकडे धरा. पाठीची पट्टी आणि बाजूचे पत्रे यांच्यामधून उजेड आला तर जुळणी ढिली आहे.

सगळ्यात कडक परीक्षा कात्रीची घ्या. कागद कुठलीही कात्री कापते, त्यावर जाऊ नका. घरून सुती दोरा आणि पातळ प्लास्टिकची पिशवी न्या आणि फक्त टोकाने कापून बघा. चांगल्या कात्रीची दोन पाती टोकापर्यंत एकमेकींना घासत जातात, दोरा एका झटक्यात तुटतो. वाईट कात्रीची पाती टोकाशी भेटतच नाहीत, दोरा मध्ये दुमडतो. तुमच्या बँडेजचं राजमाचीला हेच झालं. चिमट्याची दोन टोकं मिटवून बघा, सरळ रेषेत आणि फट न राहता मिळायला हवीत. डोक्याचा एक केस धरून ओढला की निसटता कामा नये.

फूटपाथवर लाल मुठीचे, क्रॉसचं चिन्ह असलेले पुष्कळ चाकू मिळतात. पात्याच्या मुळाशी कंपनीचं नाव आणि बनावटीचा देश कोरलेला असतो, तो भिंगातून वाचा. अक्षरं पुसट, वाकडी असतील किंवा नाव एखाद्या अक्षराने वेगळं असेल तर घेऊ नका. बिल जपून ठेवा, पोलाद किंवा बनावटीतला दोष असेल तर कंपनी आयुष्यभराची हमी देते.

निगा फार नाही. चाकूच्या पोटात दोरे, कापूस, पर्समधली धूळ साचते. महिन्यातून एकदा कोमट पाण्यात सगळी हत्यारं दोन-चारदा उघडमीट करा, जुन्या टूथब्रशने सांधे घासा, आणि अगदी कोरडा झाल्यावर प्रत्येक सांध्यात एक थेंब तेल सोडा. खोबरेल घालू नका, थंडीत थिजतं आणि पुढे चिकट होतं. मेडिकलमध्ये मिळणारं लिक्विड पॅराफिन उत्तम, त्याच पात्याने फळ कापलं तरी चिंता नाही. आणि 'न गंजणारं' हे नाव शब्दशः घेऊ नका. कैरी, लिंबू, आवळा कापून तसाच मिटलात आणि वर पावसाळा असला तर डाग पडतोच. समुद्रावर नेलात तर घरी येऊन गोड्या पाण्याने धुवा.

धार मात्र दारावर चाकवाला आला म्हणून त्याच्याकडे देऊ नका. विळीला, सुरीला तो योग्य, पण एवढ्याशा पात्याचं अर्धं पोलाद तो चाक एका फेरीत खाईल. बारीक दगड आणा. पातं दगडावर काटकोनात उभं धरा, मग निम्मं खाली आणा, पुन्हा निम्म्याहून जरा जास्त खाली. तो कोन साधारण २० अंशांचा होतो. हलक्या हाताने एका बाजूने पाच, दुसऱ्या बाजूने पाच. वर्षातून दोनदा पुरे.

चिमट्याबद्दल एक राहिलं. काटा काढताना तो वरून चिमटीत धरून उपटायला जाऊ नका, मोडतो. कातडीला अगदी लागून धरा आणि ज्या दिशेने आत गेला त्याच तिरप्या रेषेत, सावकाश ओढा. मग जखम धुवा. आणि काम झाल्या झाल्या, कुणाचं 'थँक्यू' ऐकायच्याही आधी, चिमटा खाचेत परत घाला. माझा पहिला चिमटा मी मांडीवर ठेवला, उठले आणि तो कोकणकड्याजवळच्या गवतात गेला. सुटा चिमटा विकत मिळतो, पण गडावर मिळत नाही. तुमच्या मैत्रिणीचा पाय आता बरा असेल अशी आशा आहे. राजमाचीची ती वाट सोडू नका, पावसाळ्यानंतर पुन्हा जा.